मास्ट्रिख्टमधलं इराणी अंगण आणि मी ओलांडलेली जाळी

पुण्यात वास्तुकला शिकून मी नवऱ्यामागोमाग नेदरलँड्सला आले. आता हेगजवळच्या रायस्वाइकमध्ये राहून जुन्या घरांच्या अंतर्गत नूतनीकरणाची कामं घेते. फर्नाझ या इराणी वास्तुरचनाकार बाईने मास्ट्रिख्टमधल्या एका जुन्या बेकरीचं स्वतःसाठी घर केलं आहे, हे मला कामातल्या ओळखीतून कळलं. पाहायला येऊ का, असं विचारलं. तिने लगेच बोलावलं. एका शनिवारी सकाळी माझा नवरा निखिल आणि मी निघालो.

जाणाऱ्यांसाठी थोडी माहिती. आइंडहोवनला गाडी बदलावी लागते. घरापासून जवळपास तीन तास धरा. सवलतीचं कार्ड असेल तर शनिवार-रविवारी भाडं बरंच कमी पडतं. वाटेत मी निखिलला इराणी घराची रचना समजावत होते.

"मॅडम, नंतर परीक्षा आहे का?" पराठ्याचा फॉइल सोडत त्याने विचारलं.

"आहे. तोंडी."

"मग आधी खातो. उपाशीपोटी मी नापास होतो."

स्टेशनवरून मास नदीवरचा दगडी पूल ओलांडून वीस मिनिटं चाललो. पलीकडे जर्दाळूचा व्लाय, म्हणजे फळं भरलेला इथला केकसारखा भाजलेला पदार्थ, अवश्य खा. दोन तुकडे आणि दोन कॉफ्या पंधरा युरोंच्या आसपास.

आता घर. समकालीन इराणी रचनाकारांपैकी मला आवडणारे लोक जुन्या नमुन्यांची नक्कल करत नाहीत, त्यामागचा विचार उचलतात. फर्नाझने बेकरीची पिवळसर दगडी दर्शनी भिंत तशीच ठेवली आहे. दार उघडलं की समोर कोरी भिंत. उजवीकडे वळायचं, मग डावीकडे, तेव्हा कुठे बैठक. पारंपरिक इराणी घरात परक्याची नजर अशीच वळणांवर अडवतात. बाहेरचा भाग पाहुण्यांचा, आतला कुटुंबाचा. छताचा मधला तुकडा काढून तिने अंगण उघडलं आहे, आणि पाडलेल्या भिंतीच्याच विटा तिरक्या रचून बैठक व अंगण यांच्यामध्ये जाळी उभारली आहे. त्या जाळीतून जमिनीवर पडलेला उजेड पाहून मी हरखूनच गेले.

"घर तुमचंच आहे, निवांत पाहा," असं इंग्रजीत म्हणून फर्नाझ चहा करायला गेली.

आपणही पाहुण्यांना हेच म्हणतो. पण पुण्यात कुणी असं म्हटलं म्हणून मी त्यांच्या आतल्या खोलीत शिरले नसते. इथे शिरले. फोनवर चित्रण चालू होतं आणि तोंडाने विवेचन.

"बघ निखिल, ही जाळी पाहुण्याला सांगते की इथे थांब." हे म्हणत म्हणतच मी जाळीला वळसा घालून पलीकडे गेले.

अंगणात फर्नाझची आई उन्हात बसली होती. डोक्यावर केस जवळजवळ नव्हते. तिने घाईघाईने मांडीवरचा रुमाल उचलला. तो हातातून खाली पडला.

"अगं, मागे ये," निखिल जाळीआडून दबक्या आवाजात म्हणाला.

"एक मिनिट, विटांचा कोन घेते."

असं मी म्हणाले. ती वृद्ध बाई भिंतीला धरत धरत आत गेली, आणि मी खरोखरच कोन घेतला.

चहा आला, सोबत खजूर. फर्नाझने सगळं पाहिलं होतं, तरी ती आग्रह करकरून वाढत राहिली. शेवटी मीच माफी मागितली.

"उपचार सुरू झाल्यापासून आईला कुणाच्या नजरेला पडायचं नसतं," ती म्हणाली. "खोलीबाहेरच येईना. तिला वारा मिळावा आणि कुणाला ती दिसू नये, म्हणून मी जाळी आधी बांधली, घर नंतर." मग बशी पुढे सरकवत म्हणाली, "काही हरकत नाही. घ्या ना अजून."

परतताना गाडीत मी फोन काढला. "मी तुला हाताला धरून ओढायला हवं होतं," निखिल म्हणाला. चित्रण मी तिथेच पुसून टाकलं. म्हणून या लेखात एकही छायाचित्र नाही, आणि कृपया पत्ताही विचारू नका.

आता नवं काम घेतलं की मोजमापाआधी मी विचारते: या घरात कुणाला कुणापासून आडोसा हवा आहे? हे मला पुस्तकातून आधीच ठाऊक होतं, याचीच लाज अधिक वाटते.

घरी आल्यावर मी फर्नाझला पत्र लिहिलं. महिन्याभराने तिचं सौजन्यपूर्ण उत्तर आलं. आई बरेच दिवस अंगणात आली नाही. आता पुन्हा येते. जाळीच्या कडेला जी मोकळी वाट होती, तिथे फर्नाझने दार बसवलं आहे. आई आतून कडी लावून बसते. वारा थोडा कमी येतो, एवढंच.