आधी पूस, मंग बोल

"आधी पूस, मंग बोल."

सकाळी लॅबमध्ये पाऊल टाकलं की ताई पुढे यायच्या, माझ्या नाकावरचा चष्मा काढायच्या, पुसायच्या आणि परत चढवायच्या. तोवर माझं बोलणं अधांतरी. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. त्यांच्यापुढे कोणाची बोलायची टाप नसते.

ताई किहीमच्या. नवी मुंबईतल्या आमच्या कंपनीत त्या शेजारशेजारच्या संगणकांना जोडणाऱ्या फायबर केबली तपासायच्या. केबल इनमीन हातभर, पण तिच्यातून माहिती अफाट वेगानं धावते. टोकावर धुळीचा कण राहिला, तर प्रकाश तिथून उलटा फिरतो आणि मागून येणाऱ्या संदेशात मिसळून घोटाळा करतो.

"लांबच्या वाटेवर तो उलटा उजेड दमून जातो गं," ताई म्हणायच्या. "हितं दमायला जागाच न्हाय."

म्हणून त्यांचा सगळा जीव त्या टोकांत. उजवा डोळा छोट्या मायक्रोस्कोपला लावून बसायच्या. स्क्रीनवाला नवा आला, तरी त्यांनी आपला जुनाच धरून ठेवला. "माझ्या डोल्यांनी बघितल्याबिगर न्हाय."

गेल्या वर्षी त्यांना प्रत्येक टोकावर डाग दिसायला लागला. पुसलं, पुन्हा बघितलं, डाग तिथंच. केबलींवर केबली बाद झाल्या. पुरवठादाराला त्यांनी फोनवर चांगलंच फैलावर घेतलं. शेवटी वैतागून मी एक केबल स्क्रीनवर लावली. टोक लखलखीत होतं.

ताई स्क्रीनकडे बघत राहिल्या. मग तेच टोक त्यांनी जुन्या मायक्रोस्कोपमध्ये धरलं आणि या वेळी डावा डोळा लावला.

"केबल साफ हाय," त्या हळूच म्हणाल्या. "डाग माझ्या डोल्यात हाय."

डोळ्यात कॅन्सरची गाठ होती. कळेपर्यंत ती यकृतात पोचली होती. जन्मभर दुसऱ्यांच्या काचा पुसणाऱ्या बाईला हे व्हावं, याचा मला अजून राग येतो. कोणावर, ते कळत नाही.

मी किहीमला गेले. ती भेट शेवटची, हे दोघींनाही ठाऊक होतं. ताई ओटीवर खाटेवर पडून होत्या. काय काय बोलायचं ते बसमध्ये घोकलं होतं. त्यांना बघितलं आणि नुसती रडायला लागले.

त्यांनी हात पुढे केला, म्हणून वाकले. चष्मा काढून त्यांनी पदरानं सावकाश पुसला. परत चढवताना दांडी कानावरून घसरली, मग कशीबशी बसली.

"हां. आता बोल."

ताई माझ्याकडे बघत वाट पाहत राहिल्या.