गेरूनं लिहिलेलं पत्र

पंचमीचा नाग भिंतीवर काढायला आज गेरू भिजवला आणि त्या वासानं माझं डोकंच भडकलं. राग माझा माझ्यावरच आहे. तीस वर्षं झाली, तरी निवत नाही.

तेव्हा मी सप्तापुरात खोली घेऊन एम.ए. करत होते. त्या सकाळी वर्गात इजिप्तची चित्रलिपी शिकवली होती. साप, डोळा, पक्षी वहीत सुबक उतरवून मी सरांची शाबासकी मिळवली होती. दुपारी माझे वडील, अप्पा, अळणावरजवळच्या आमच्या गावाहून लाडवांचा डबा घेऊन आले. सोबत आईनं दिलेला कागद. आईला अक्षरओळख नव्हती. तिनं गेरूनं नाग, रिकामा झोका आणि उघडं दार काढलं होतं.

"हे काय गं?" खोलीतल्या मैत्रिणीनं विचारलं. तिचे वडील प्राध्यापक.

"काही नाही, डब्याला गुंडाळलेला कागद," मी म्हणाले. अप्पांच्या देखत!

"व्हय बाई, कागदच हाय त्यो," अप्पा म्हणाले आणि त्यांनी नीट घडी घालून तो खिशात ठेवला.

अभ्यासाचं निमित्त सांगून मी पंचमीला गेलेच नाही.

नवरा समजूत घालतो, "तुला तेव्हा ते वाचता आलं नसेल." माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. अहो, इजिप्तचा साप मला पाठ करावा लागला होता. आईचं मी एका नजरेत वाचलं होतं: पंचमी आली, झोका बांधलाय, दार उघडंच आहे, ये.