आतली सूज

गेवराईच्या एका दवाखान्यात मी आहाराचा सल्ला देते. किस्से जमवायचे असं कधी ठरवलं नव्हतं. पण दुपारी ओपीडी ओसरते, पंखा पेंगत फिरतो आणि माणसं आपल्या ताटाविषयी बोलू लागतात. ऐकता ऐकता डोळ्यांपुढे त्यांची अख्खी चूल तरळते. अशा किती चुली मनात पेटून राहिल्यात, देव जाणे!

*

माझं पहिलं वाक्य ठरलेलं. "सारखं तळलेलं, गोड, पाकिटातलं खाल्लं की शरीरात बारीक सूज धुमसत राहते. ती वर्षानुवर्षं राहिली तर कॅन्सरचा धोका वाढू शकतो."

चकलांब्याच्या एका काकांनी हे मन लावून ऐकलं. मग दोन्ही हातांनी स्वतःचं पोट चाचपलं.

"ही सूज न्हाई मॅडम, हे खानदानी हाय!"

*

मेंढरं राखणारे एक आबा आले. खाणं काय? ज्वारीची भाकर, डाळ, रानातली भाजी. तंबाखू शिवत नाहीत, दिवसभर चालणं. ते सांगत होते आणि मला भर ओपीडीत मेंढरांच्या गळ्यातली घुंगरं ऐकू येत होती.

"आबा, काहीच बदलू नका."

आबांचा चेहरा पडला. "येवढ्या लांबून आलो, एखादी गोष्ट तरी बंद करा की!"

शेवटी चहातली साखर कमी केली. तेव्हा कुठे समाधानानं उठले!

*

एका सुनेला म्हटलं, आठवडाभराचं खाणं लिहून आणा. तिनं वही भरून आणली. सासऱ्यांना काय, पोरांच्या डब्यात काय, मालकांना काय, सगळं सुरेख अक्षरात.

"आणि तुम्ही काय खाल्लं?"

ती वहीची पानं मागेपुढे चाळत राहिली, कुणाला तरी शोधत असल्यासारखी. मग हळूच म्हणाली, "तुमी माझं इचारलं व्हतं व्हय?"

*

सिंधूबाईंच्या मालकांचं आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं होतं. ते ड्रेसिंगला गेले तशी बाई माझ्याजवळ सरकल्या.

"ह्यांना भजे लई आवडायचे. तीस वर्षं तळून घातले. मग माझ्याच हातानं झालं का हे?"

मी म्हटलं, "बाई, खाण्यानं धोका वाढू शकतो, पण कॅन्सरला एकच कारण नसतं. ह्यांना कशानं झाला, हे कुणीच सांगू शकत नाही. तुमच्या हाताला दोष देऊ नका."

त्यांनी मान हलवली. पण हात मात्र पदराखाली लपवले.

तेवढ्यात मालक आले. "काय म्हणत्यात मॅडम?"

"भजे बंद म्हणत्यात."

ते सावकाश बाकावर टेकले. सगळ्यांसमोर बायकोचा हात पदरातून ओढून घेतला, नाकाशी धरला आणि डोळे मिटले. बाहेर कडुलिंबाची पानं गळत होती.

मग डोळे न उघडताच त्यांनी विचारलं, "येवढं चालतंय का, मॅडम?"