सोयाबीन कवा विकायची?

धनत्रयोदशीच्या संध्याकाळी बरोबर सहा वाजून दहा मिनिटांनी आमची अठरा पोती सोयाबीन पुढच्या खोलीत आली. "पंधरा दिवसांत विकू," आमचे हे, म्हणजे मालक, म्हणाले. आता होळी झाली. घरात माल पडून असला की येणारा-जाणारा सल्ला देतो, आणि पोती तेवढीच राहून किस्से मात्र वाढत जातात.

मला हसू कमी, काळजी जास्त. आमची आरू तीन वर्षांची. त्याच खोलीत झोपते, आणि पोत्यांच्या धुरळ्यानं तिचा खोकला हटत नाही.

तिला सांगलीत विश्रामबागला डॉक्टरांकडं नेलं. "घरात धूळ आहे का?" "सोयाबीन हाय." "आधी विकून टाका." मालक शेजारीच उभे, त्यामुळं मी लय खूश. तेवढ्यात चिठ्ठी लिहिता लिहिता डॉक्टर म्हणाले, "भाव काय चाललाय हो? आमचीपण गावाकडं पडून आहे. मी तर थांबलोय."

येताना गाडीवर मालक शीळ घालत होते.

भाव चढला की मालक म्हणतात, "अजून चढंल." पडला की, "पडल्यावर कोण विकतं?" मी विचारलं, "मग विकायची कवा?" "स्थिर झाल्यावर." पुढं आठ दिवस भाव जागचा हलला नाही. तर म्हणाले, "बाजारात काय हालचालच न्हाई."

एकदा टेम्पो दारात आला. सात पोती चढली, आणि माधवनगरहून मामंजींच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, मेव्हण्याचा फोन आला, "दाजी, थांबा." सातही पोती खाली. ड्रायव्हर म्हणाला, "मामा, एवढी उचललीच हायती तर निदान दुसऱ्या भिंतीला लावू." लावली. ती आरूच्या अंथरुणाची भिंत.

आणि आता तानूआत्याचं सांगते. आमच्या गल्लीतली सत्तरीची म्हातारी, घरात एकटी. गेल्या वर्षी तिनं माल विकला आणि आठवड्याभरात भाव कोसळला. तेव्हापासून अख्खी गल्ली तिच्या दाराकडं बघत बसते. आत्याची पोती हलली की आपली हलवायची. मालकांचंही शेवटी तेच ठरलं.

परवा आरूला कडेवर घेऊन मीच गेले. म्हटलं, "आत्या, खरं सांगा, इकायची येळ तुमाला कळती कशी?"

"त्यात काय कळायचंय, बाई? नातू फौजेतनं सुट्टीला आला की इकायची. पोती कोण उचलणार, मी?"

मी तरातरा घरी आले, मालकांना सगळं सांगितलं. म्हटलं, आता तरी टेम्पो बोलवा. त्यांनी एका पोत्यावर हात फिरवला. मग म्हणाले,

"त्याची सुट्टी कवा हाय?"

तर वाचणाऱ्यांत कुणाचा माणूस फौजेत असेल तर एवढा निरोप पुढं पोचवा. सांगलीकडच्या तानूआत्याच्या नातवाला लवकर सुट्टी द्या म्हणावं. गल्लीची पोती खोळंबलीत, आणि आमची आरू खोकतीया.