मांडीवर राहिलेला हात

हे माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेलं नाही. नवऱ्याजवळ नाही, मुलीजवळ तर नाहीच. मी चौथी शिकलेली बाई, चारचौघांत मान वर होत नाही — कागदावर तरी होते का बघते.

दुबई मरीनात व्हेनेझुएला देशाच्या एका कुटुंबाकडे मी स्वयंपाकाला आहे. सर, मॅडम, दोन मुलं, सरांची म्हातारी आई. मुलं सांभाळायला नेपाळची सुनीता. आजी इंग्रजीत बोलायची, सुनीता मला हिंदीत समजावायची.

आजी सारखं त्यांच्या एका राष्ट्रपतीचं सांगायची. ती लहान होती, जगात मोठी लढाई चालली होती. अशा वेळी राज्य करणारे लोकांची तोंडं बंद करतात ना? यानं विरोधकांना पक्ष काढू दिले. कामगारांना आजारपणाचा विमा, बायकांना गावच्या निवडणुकीत मत. आणि पुढे? ज्यांना मोकळीक दिली, त्यांच्यातलेच काहीजण फौजेला मिळाले आणि त्याला खाली ओढलं. मला वाटायचं — कसली ही माणसं!

आजीनं घरातही तेच सुरू केलं. रविवारी मोठे पाचजण टेबलाशी बसायचे, हात वर करून ठरवायचे. जेवण, सुट्टी, सगळं. सर हसायचे, पण आईचं ऐकायचे. माझा हात खांद्याच्या वर जायचा नाही. सुनीता म्हणायची, "दीदी, वोट दे रही हो या कान खुजा रही हो?"

मग सुनीताची आई आजारी पडली. पासपोर्ट सरांच्या कपाटात, रजा मिळेना. आजी म्हणाली, रविवारी ठरवू, तीन हात झाले की तिला पासपोर्ट द्यावाच लागेल. मी सुनीताला म्हटलं, मी आहे.

शनिवारी मॅडम किचनमध्ये आल्या, बोलणं फोनवर हिंदीत करून ऐकवलं. तुझ्या मुलीला सुट्टीत इकडे बोलावू, म्हणाल्या, व्हिसा आम्ही करतो. उद्या फक्त गप्प बस.

रविवारी आजीचा हात वर झाला, सुनीताचा झाला. माझा मांडीवर. सुनीताला वाटलं मी लाजतेय. "थोड़ा ऊपर, दीदी," ती हळूच म्हणाली. मी टेबलाकडे बघत राहिले. सर म्हणाले, खलास, ठरलं.

आजी माझ्याकडे बघत होती. त्यानंतर तिनं कधी टेबलाशी बोलावलं नाही. राष्ट्रपतीचंही सांगितलं नाही.

सुनीताची आई गेली. अंत्यविधी तिनं फोनवर पाहिला, माझ्याच किचनमध्ये, माझा हात धरून.

सुट्टीत माझी मुलगी आली. तिला शारजाला, रोल्लाच्या बाजारात फिरवून बांगड्या कुणी घेऊन दिल्या? सुनीतानं. त्या दिवशी ती मला म्हणाली, "आप डर गई थीं दीदी, मैं जानती हूँ." मी मान हलवली.

मी घाबरले नव्हते. मला माझी मुलगी हवी होती, म्हणून मी सुनीताची आई देऊन टाकली.