उपासाची गोळी

औषधाच्या दुकानात माझ्या पुढच्या बाईंनी बीपीच्या गोळ्या घेतल्या आणि हळूच विचारलं, "ह्या उपासाला चालतात का?"

दुकानदार हसला नाही. "चालतात, ताई. साबुदाण्यासारख्याच."

उपासाला भेंडी चालते का, कोथिंबीर चालते का, यावर आमच्या घरात तासन्‌तास बोलणं व्हायचं. गोळीचं कुणी विचारलं नाही. आई दर चतुर्थीला ती बाजूला ठेवायची. अशाच एका चतुर्थीला तिचं अर्धं अंग गेलं.

आता तिला वार-तिथी कळत नाही. गोळी ओठांशी नेली की "आज उपास," असं अडखळत म्हणते आणि तोंड मिटून घेते.

घरी आल्यावर मी म्हणालो, "आई, ही उपासाचीच आहे."

तिने तोंड उघडलं.