साकोलीची कॉफी आणि कपांवरची नावं

आधीच सांगून टाकते – असले अनुभव मी आजवर हसायलाच वाचत आले. नागपुरात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये सतरा वर्षं काम करते. समोर रिपोर्ट ठेवा, मग बोलू, असा माझा स्वभाव. नवरा म्हणतो, तुझ्याशी वाद घालायला भुतंसुद्धा घाबरतील. तेव्हा हे मी लिहितेय याचं मलाच नवल वाटतंय...

माझं दुसरं वेड म्हणजे कॉफी. मोठ्या पाट्यांची, सगळीकडे एकसारखी दिसणारी दुकानं मला आवडत नाहीत. पण लहान गावात कोणी हौसेनं कॉफी शॉप टाकलेलं दिसलं की मी गाडी वळवलीच समजा. तुमसर, पवनी, लाखनी... जिथं गेले तिथं हुडकलं. आई चिडायची. "घरी काय कॉफी भेटत नाही का वं तुले?"

आई या वर्षी पोळ्याच्या आठवड्यात गेली. तिला पोचवून आल्यापासून बाबा एक शब्द बोलले नव्हते. शहात्तर वर्षांचे रिटायर्ड मास्तर, आयुष्यभर वर्गात ओरडलेला माणूस, आणि घरात नुसतं भिंतीकडे बघत बसायचे. मग जेवण सुटत गेलं. दोन घास, मग एक, मग नुसतं चमचाभर दूध. तपासण्या मी स्वतः केल्या, काही सापडलं नाही. डॉक्टर म्हणाले, सोमवारपर्यंत खाल्लं नाही तर नाकातून नळी टाकू. मी त्यांच्यावर ओरडलेही एकदा – बाबांवर, डॉक्टरांवर नाही. नंतर बाथरूममध्ये जाऊन रडले.

शुक्रवारी त्यांना गाडीत बसवलं आणि साकोलीला आत्याकडे निघाले. बहीण समोर असली तर खातील, एवढाच विचार होता.

दिवाळी होऊन गेली होती. दुपारचे दोन वाजले असतील. दोन्ही बाजूंच्या बांध्यांत, म्हणजे भाताच्या शेतांत, धान कापून पडलेलं, उन्हाला त्याचाच वास. साकोलीच्या अलीकडे हायवेवर खडूनं लिहिलेली पाटी दिसली – 'कॉफी', आणि बाण. बाप भुकेनं मरतोय आणि हिला कॉफी सुचते, असं तुम्ही म्हणाल. मीही तेच म्हणाले स्वतःला. पण हात वळलेच.

रस्ता एका बोडीच्या काठानं जात होता. लहानसं तळं, पाण्यावर कमळाची पानं, बगळे एका पायावर उभे. वारा नाही, आवाज नाही. गाडी चालवतेय की गाडीच मला नेतेय, असं वाटत होतं. काठावर एक खोली, निळं दार, आत चार टेबलं. आमच्याशिवाय कोणी नव्हतं.

दुकान प्राची नावाच्या मुलीचं. पुण्यात हॉटेलचं शिकून आलेली, बोलकी. मी दोन कॉफी सांगितल्या, बाबांना खिडकीशी बसवलं, तेवढ्यात लॅबमधून फोन आला. बोलायला बाहेर बोडीपाशी गेले. फोन दोन मिनिटांचा. पण तो संपल्यावरही मी तिथंच पाण्याकडे बघत उभी राहिले... किती वेळ, देव जाणे. इतकं शांत मला आई गेल्यापासून वाटलं नव्हतं.

आत आले तर टेबलावर दोन कागदी कप. प्राची कपांवर मार्करनं नावं लिहिते. माझ्या कपावर होतं 'धाकटी'. बाबांच्या कपावर, 'सुमीचे बाबा'.

आता मी एकुलती एक. आणि माझं नाव सुमी नाही. मुलीनं नावं चुकवलीत, असं समजून मी दोन्ही परत न्यायला उचलले.

बाबांनी माझं मनगट धरलं.

"नेऊ नको," ते म्हणाले. "माहा हाय तो कप."

अडीच महिन्यांनी! बाबा कपावरच्या अक्षरांवरून अंगठा फिरवत होते, डोळ्यांतून धार लागलेली. मग त्यांनी कॉफी प्यायली, पूर्ण. आणि काउंटरवरच्या परातीकडे बोट दाखवून म्हणाले, "आलुबोंडा सांग." एक खाल्ला. अर्धा आणखी खाल्ला.

"सुमी कोण, बाबा?"

"तुही मोठी बहीण," ते म्हणाले. "आसगावले पहिली नेमणूक होती माही. तिथं झाली. अकरा महिन्यांची होती, तापानं गेली."

"मला कधी कोणी सांगितलं नाही!"

"तुले कायले सांगाचं? तुही माय नाव काढलं का रडत जाये." त्यांनी कप दोन्ही हातांत धरला. "नवऱ्याचं नाव कशी घेईन ती? सुमीचे बाबा म्हणे. पोरगी गेल्यावर लोकांसमोर 'अजी' म्हणू लागली. पण दोघंच असलो का, सुमीचे बाबा. दवाखान्यातबी तेच म्हणाली, शेवटी."

मी उठून तडक काउंटरवर गेले. आवाज चढलाच माझा. "ही नावं तुला कोणी सांगितली?"

"काकूनं सांगितली ना, ताई," प्राची गोंधळली. "तुम्ही फोनवर होत्या तवा आल्या. मी नावं विचारली तर लाजल्या. म्हणे, ह्यांचं नाव मी घेत नाही वं, सुमीचे बाबा लिही. आन् पोरीच्या कपावर धाकटी लिही. मले वाटलं, तुमच्या आई हायेत. गाडीत जाऊन बसल्या नाहीत का?"

गाडी दारासमोर उभी होती. रिकामी.

घरी आल्यावर मी सगळं उलटसुलट तपासून पाहिलं. बाबांना विचारलं, ते म्हणतात, मी खिडकीबाहेर बघत होतो. आत्याला सुमी ठाऊक होती, पण आम्ही तिथं थांबू हे मलाच ठाऊक नव्हतं. बरं, ती दोघांतली हाक आत्यालाही माहीत नाही, मी खोदून विचारलं. प्राची आम्हाला ओळखत नाही. पुढच्या महिन्यात मी पुन्हा गेले, दुकान जागेवर आहे, कॉफी छान आहे, मुलगी तेच सांगते. माझ्याकडे रिपोर्ट नाही, उत्तर नाही. कोणाकडे असेल तर मला जरूर कळवा.

त्या दिवशी निघताना मी प्राचीला आणखी एक विचारलं होतं. काकूंनी स्वतःसाठी काय मागितलं?

"मी म्हटलं त्यांना, काकू, तुम्हाले करू का? तर म्हणे, नाही बाप्पा... ह्यांचं खाणं झाल्याबिगर मी काही घेत नाही."

तसंच होतं आईचं, आयुष्यभर. बाबांचं ताट उठल्याशिवाय तिनं घास तोंडात घातला नाही. गाडीत बसल्यावर मी हे बाबांना सांगितलं. सांगायला नको होतं की काय, असं लगेच वाटलं. पण आत्याच्या घरी पोचलो, तर हातपाय धुऊन आपणहून पाटावर बसले आणि भाताचं ताट स्वच्छ केलं.

सोमवारी नळी लागली नाही. आता दोन्ही वेळा जेवतात. कधी कधी इच्छा नसते, ते मला चेहऱ्यावरून कळतं. मी म्हणते, राहू द्या बाबा, मग जेवा. तर ते ताट जवळ ओढतात.

"वाढ," म्हणतात, "ती थांबली असन."